माउसचं झाकण कुणी काढून घेतलं?

ॲपलच्या मॅजिक माउसचं चार्जिंगचं पोर्ट त्याच्या पोटाखाली आहे. चार्ज करायचा तर माउस उताणा करावा लागतो आणि तेवढा वेळ तो वापरता येत नाही. २०१५ साली ही रचना बाजारात आली तेव्हापासून तिच्यावरून वाद चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी आवृत्ती आली, ॲपलचं स्वतःचं लायटनिंग पोर्ट जाऊन सगळीकडे चालणारं यूएसबी-सी आलं, तरी पोर्ट होतं तिथेच राहिलं, आणि वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, एवढ्या मोठ्या कंपनीला एवढी साधी गोष्ट कळू नये? दुसरी म्हणते, महिन्यातून एकदा लावायचं, त्याचा एवढा बाऊ कशाला? दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण ज्यावर भांडायला हवं ते दोघांच्याही नजरेतून सुटलेलं आहे.

२००९ सालचा पहिला मॅजिक माउस दोन एए सेलवर चालायचा. खालचं झाकण काढायचं, सेल बदलायचे, झाकण लावायचं. सेल कुठल्याही गावच्या दुकानात मिळत होते, आजही मिळतात. २०१५ मध्ये खरा बदल झाला तो हा, की ते झाकण गेलं. आत लिथियमची बॅटरी आली आणि कवच चिकटवून बंद झालं. पोर्टची जागा हा त्या बदलातला सगळ्यात किरकोळ भाग. लिथियम बॅटरी काही वर्षांनी थकणार, हे तिच्या रसायनातच आहे. ती थकते तेव्हा माउसचा सेन्सर शाबूत असतो, बटणं शाबूत असतात, रेडिओ शाबूत असतो. तरी माउस संपलेला असतो. दहा वर्षं पोर्टवर भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी झाकणाबद्दल विचारलं?

माझी भूमिका सरळ आहे. माउस, कीबोर्ड, हेडफोन, हब अशा ॲक्सेसरीजचं डिझाइन टेबलावर कसं दिसतं किंवा पहिल्या दिवशी हाताला कसं लागतं, यावर जोखू नये. एक भाग बिघडला की त्याच्याबरोबर आणखी काय काय फेकावं लागतं, यावर जोखावं. ही कसोटी लावायला कोकण किनाऱ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, आणि कंपन्या ती आपण होऊन लावणार नाहीत, म्हणून सरकारी खरेदीतून ती लावून घ्यायला हवी.

कोकण का, ते आधी सांगतो. वस्तू लवकर खराब झाली की दुकानदार म्हणतो, ‘इकडची हवाच तशी’, आणि विषय संपतो. हवा तशी आहे, हे खरं. पण हवा नेमकं काय करते? मिठाचा एक गुण इथे लक्षात घ्यावा लागतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत जून ते सप्टेंबर या काळात हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. उन्हाळ्यात खाऱ्या वाऱ्याबरोबर फटीतून आत जाऊन बसलेला मिठाचा कण पावसाळ्यात ओला होतो, आणि मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. चहा सांडायची गरज नाही, छप्पर गळायची गरज नाही. दुकानात ‘पाणी गेलंय’ असं सांगून परत पाठवलेल्या कितीतरी वस्तूंवर पाण्याचा थेंबही पडलेला नसतो.

आता हे ओलं मीठ नेमकं कुठे बसतं ते पाहू. सर्वांच्या ओळखीचा बिघाड म्हणजे डबल क्लिक. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं होतं, फाइल ओढता ओढता मधेच सुटते, अर्ज भरताना चुकीच्या रकान्यावर टिक पडते. लोकांना वाटतं, माउस जुना झाला. प्रत्यक्षात माउसच्या डाव्या बटणाखाली जेमतेम १३ मिलिमीटर लांबीचा एक मायक्रोस्विच असतो. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ वाकवलेली पट्टी असते, आणि ती ‘टक’ आवाज करत एका संपर्कावरून दुसऱ्यावर उडी मारते. संपर्काच्या टोकावर काळपट थर चढला किंवा पट्टीचा ताण कमी झाला, की उडी मारल्यावर पट्टी थरथरते आणि जोड क्षणभर तुटून पुन्हा लागतो. संगणक त्यालाच दुसरा क्लिक समजतो. स्विचमधून पुरेसा करंट जात असेल तर हा थर जोडणीच्या क्षणी फुटून जातो. पण बिनतारी माउसमध्ये बॅटरी वाचवायची म्हणून करंट अगदी कमी ठेवलेला असतो, त्यामुळे थर तसाच राहतो. म्हणजे स्विच चांगला, बॅटरीची काटकसरही चांगली, पण दोन्ही एकत्र आणून खाऱ्या हवेत ठेवले की बिघाड ठरलेला. बॉक्सवर १ कोटी, २ कोटी क्लिकचं आयुष्य छापलेलं असतं. ते कोरड्या प्रयोगशाळेत यंत्राने एकसारखं दाबून मोजलेलं असतं.

या बिघाडाची दुरुस्ती अवघड नाही. स्विचचं टोपण बारीक पात्याने उचलायचं, कागदाची चिटोरी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्काच्या मधून दोन-चार वेळा ओढायची, पट्टी काढावी लागली तर तिचा बाक थोडा वाढवून परत बसवायची. टोपण उचलताना त्यावरचं इवलंसं बटण उडून जातं, म्हणून खाली पांढरा कागद अंथरायचा. स्विचच बदलायचा असेल तर तीन पाय सोडवायचे, सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवायचं आणि एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही, नाहीतर सर्किट बोर्डावरची तांब्याची चकती उखडते. या मापाचे स्विच अनेक कंपन्या बनवतात आणि पायांचं अंतर तेच असतं. गंज सोडवण्याचा साधा स्प्रे मात्र मारू नये. चार दिवस बरं वाटतं, मग त्याच्या तेलकट थरावर धूळ बसते आणि दुखणं दुप्पट होतं. सामान पन्नास रुपयांच्या आतलं, काम अर्ध्या तासाचं.

मग अडतं कुठे? आत पोचण्यात अडतं. बहुतेक माउसचे स्क्रू तळाच्या घसरपट्ट्यांखाली दडवलेले असतात. पट्टी उचलायची म्हणजे हेअर ड्रायरने कोमट करून पात्याने सोलायची. ती वाकली की परत सपाट बसत नाही आणि माउस टेबलावर अडखळतो. काही माउसना स्क्रूच नसतो, नुसते प्लास्टिकचे आकडे असतात, आणि जुन्या प्लास्टिकचा आकडा पहिल्याच जोरात तुटतो. झाकणापासून बोर्डापर्यंत जाणारी कागदासारखी पातळ केबल इतकी आखूड ठेवलेली असते की झाकण नेहमीच्या सवयीने उघडलं तर ती फाटते. पन्नास रुपयांचा स्विच बदलण्यासाठी दोन हजारांची वस्तू पणाला लावावी लागते. स्विच बिघडणं हा निसर्ग झाला. तिथवर पोचू न देणं हा कुणीतरी ड्रॉइंग बोर्डवर घेतलेला निर्णय आहे, आणि माझा आक्षेप त्या निर्णयावर आहे.

कीबोर्डची गोष्टही वेगळी नाही. स्वस्त कीबोर्डच्या आत प्लास्टिकच्या तीन पातळ शीट असतात. वरच्या आणि खालच्या शीटवर चांदीच्या शाईने वाटा छापलेल्या असतात, मधली शीट त्यांना वेगळं ठेवते. दमट हवेत आणि विजेच्या दाबाखाली चांदी एका वाटेकडून शेजारच्या वाटेकडे सरकते आणि तिथे बारीक तंतू वाढतात, किंवा वाट गंजून मधेच तुटते. म्हणून एकाच वेळी ठरावीक चार-सहा अक्षरं बंद पडतात. ती सगळी एकाच वाटेवरची असतात. पुष्कळदा दोष फक्त शीटची शेपटी बोर्डावर दाबून बसते तिथे असतो. तिथले स्क्रू काढून शेपटी अल्कोहोलने पुसली आणि स्क्रू पुन्हा घट्ट केले की कीबोर्ड चालू होतो. पण आता अनेक कीबोर्डमध्ये स्क्रूऐवजी प्लास्टिकची टोकं वितळवून डोकी केलेली असतात. ती एकदा छाटली की परत लागत नाहीत. आणि मऊ रबरासारखा लेप दिलेल्या माउसबद्दल तर काय बोलावं? तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, दमट हवेत त्याच्या साखळ्या तुटतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो गुळासारखा चिकट होतो. अल्कोहोलने पूर्ण खरवडून काढला तर खालचं प्लास्टिक ठणठणीत निघतं. थिनर किंवा ॲसिटोन लावलं तर तेही विरघळतं.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा इथेच येतो. हवाच शत्रू असेल तर सीलबंद वस्तू बरी नाही का? स्क्रू म्हणजे फट, झाकण म्हणजे फट. ज्याने दर पावसाळ्यात गंजून हिरवे पडलेले बोर्ड पाहिलेत त्याला हा मुद्दा पटण्यासारखा आहे, आणि फोनच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. पण माउस बंद कुठे असतो? चाकाच्या दोन्ही बाजूंना फट, बटणांच्या कडेला फट, तळाला सेन्सरचं भोक. चिकटवलेल्या माउसमध्ये हवा खुशाल आत-बाहेर करते. अडतो तो फक्त माणूस. हवा खरोखर अडवायची असेल तर रबरी गॅस्केट लागतं, आणि गॅस्केट दाबून बसवायला स्क्रूच लागतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या कुठल्याही ट्रॉलरच्या केबिनमधला जीपीएस किंवा मासे शोधायचा फिशफाइंडर पाहा. रोज खारं पाणी अंगावर घेणारी ती उपकरणं रबर आणि स्क्रू यांच्या जोरावर टिकतात.

ज्यांच्यावर खरोखर आयपी६७ वगैरे, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी, छापलेलं असतं, त्यांच्याबद्दलही एक गोष्ट ग्राहकाला कुणी सांगत नाही. ती चाचणी गोड्या पाण्यात होते. एक मीटर खोल, तीस मिनिटं. खाऱ्या धुक्याची चाचणी वेगळी असते, तिचं मानक वेगळं आहे आणि घरगुती ॲक्सेसरीजच्या बॉक्सवर तिचा उल्लेख सापडत नाही. आतल्या बोर्डावर संरक्षक लेप देणं हा आणखी साधा उपाय आहे. गाड्यांच्या आणि औद्योगिक यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये तो सर्रास दिला जातो. कवच चिकटवून बंद करण्यापेक्षा हा लेप कितीतरी उपयोगाचा. तो दिसत नाही, म्हणून जाहिरातीत येत नाही, म्हणून दिला जात नाही.

पोर्टच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही म्हणणं मी मान्य करतो, आणि हातचं न राखता करतो. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे दोन मिनिटांच्या चार्जिंगवर मॅजिक माउस नऊ तास चालतो. पोर्ट पुढे असतं तर पुष्कळांनी वायर कायमची लावून ठेवली असती, ती रोज ओढली-वाकली गेली असती आणि पोर्टचे टाके सैल झाले असते. खाली असल्यामुळे त्या पोर्टवर ताण येत नाही. या हिशेबाने पोर्टची जागा वाईट नाहीच. पण तो माउस वाईट की चांगला, हे त्यामुळे ठरतं का? पोर्ट पुढे आणलं आणि बॅटरी तशीच चिकटवून ठेवली, तर टीकाकारांचं समाधान होईल. बॅटरी थकेल त्या दिवशी माउस तरीही कचऱ्यातच जाईल. उलट पोर्ट पोटाखालीच ठेवलं आणि दोन स्क्रूंचं झाकण दिलं, बॅटरी छोट्या कनेक्टरवर बसवली, तर तो माउस पंधरा वर्षं चालू शकेल.

दिसणारी चूक आणि न दिसणारी चूक यांत एक मोठा फरक असतो, आणि या उद्योगाच्या इतिहासातच तो सापडतो. १९९८ साली ॲपलच्या आयमॅक संगणकाबरोबर गोल चकतीसारखा माउस आला. हातात घेतला की पुढची बाजू कोणती ते कळायचं नाही, कर्सर तिरका धावायचा. दोन वर्षांत, २००० साली, तो बदलला. का? कारण दुकानात हात ठेवल्या ठेवल्या चूक कळत होती आणि गिऱ्हाईक नाक मुरडून निघून जात होतं. बाजाराने चूक दुरुस्त केली, असं म्हणणारे हेच उदाहरण देतील, आणि ते बरोबर असेल. आता दुसरं उदाहरण घ्या. २०१५ पासून मॅकबुकमध्ये बटरफ्लाय पद्धतीचा पातळ कीबोर्ड आला. तो लॅपटॉपचा भाग, ॲक्सेसरी नव्हे, पण धडा तोच आहे. धुळीचा कण कळीखाली गेला की कळ अडायची किंवा एक अक्षर दोनदा उमटायचं. कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेट केलेला आणि बॅटरीही त्याच पत्र्याला चिकटवलेली, त्यामुळे एका कळीसाठी सगळा वरचा भाग बदलावा लागायचा. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, २०१९ च्या अखेरीस ती जुन्या पद्धतीकडे परतली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. नुकसानभरपाई मिळाली ती तिथल्या सात राज्यांतल्या ग्राहकांना. दुकानात कळणारी चूक दोन वर्षांत गेली. वापरताना कळणारी जायला चार वर्षं आणि कोर्ट लागलं. आणि जी चूक तिसऱ्या पावसाळ्यात, वॉरंटी संपल्यावर, दापोलीच्या एका टेबलावर कळते, ती कोण दुरुस्त करणार?

‘तीनशे रुपयांचा माउस, दुरुस्तीची मजुरीच त्याहून जास्त’ हा मुद्दाही नेहमी येतो. त्यात अर्धं सत्य आहे. पण तीनशे रुपयांचा वायरवाला माउस घ्या आणि उलटा करा. बहुधा एकच स्क्रू असतो, तोही उघडा किंवा स्टिकरखाली. तो काढला की माउस उघडतो. वायर घासून तुटली असेल तर चार तारांचा कनेक्टर काढून दुसरी वायर लावता येते. उघडता येणं महाग असतं, तर ते या माउसला परवडलं नसतं. चिकटवून बंद केलेल्या वस्तू बहुतेक वरच्या किमतीच्या आहेत. म्हणजे गरिबाच्या माउसला झाकण आहे आणि श्रीमंताच्या माउसला नाही. खर्चाचा मुद्दा इथेच गळून पडतो.

ग्राहकाने बघून घ्यावं, असंही सांगतात. काय बघावं? बॉक्सवर डीपीआय (सेन्सरच्या बारकाईचा आकडा) असतो, रंग असतो, दिव्यांची जाहिरात असते. बॅटरी निघते का, स्क्रू कुठे आहेत, बिनतारी डोंगल हरवलं तर दुसरं जोडता येतं का, यातलं काही नसतं. यूएसबी-सीचंच घ्या. खूपशा स्वस्त माउस, हेडफोन आणि स्पीकरवर यूएसबी-सीचं पोर्ट असतं, पण दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत. जुन्या चौकोनी टोकाच्या केबलने होतात. कारण आतल्या सीसी१ आणि सीसी२ या दोन पायांपासून ग्राउंडला प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा असतो, आणि तो लावलेला नसतो. रेझिस्टर नसेल तर चार्जरला समोर काही आहे हे कळतच नाही, म्हणून तो वीज सोडत नाही. काही पैशांचे दोन रेझिस्टर. दोन्ही पायांना मिळून एकच रेझिस्टर वापरणंही चूक आहे. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ या नावाजलेल्या छोट्या संगणकाच्या बोर्डावर हीच चूक झाली आणि काही चांगल्या केबलींवर तो चालेना. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली, कारण त्याचे गिऱ्हाईक सर्किट वाचणारे होते. देवगडला आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने पोर्टच्या आतले रेझिस्टर मोजून माउस घ्यावा का?

एका मापाची, सुटी बदलता येणारी वस्तू म्हणजे काय, हे कोकणाला शिकवायची गरज नाही. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर ते कौल किनाऱ्याकिनाऱ्याने वर आलं. ते पाऊस अडवतं म्हणून टिकलं, तसंच ते एकेक करून बदलता येतं म्हणूनही टिकलं. नारळ पडून किंवा माकडांनी उड्या मारून चार कौलं फुटली तर चारच बदलायची. पावसाआधी घर शाकारायचं ते याच भरवशावर. सगळं छप्पर एकसंध ओतून ‘फुटलं तर नवं घाला’ असं कुणी सांगितलं असतं, तर इथल्या माणसाने त्याला दारात उभं केलं नसतं.

कंपन्या हे आपण होऊन करतील का? २००९ साली युरोपात मोबाइल कंपन्यांनी समान चार्जरचा करार स्वेच्छेने केला. तरी तो कायदा व्हायला २०२२ उजाडलं. २८ डिसेंबर २०२४ पासून तो लागू झाला आणि त्यात चार्ज होणारे माउस आणि कीबोर्डही आले. मॅजिक माउसचं पोर्ट बदललं ते त्याच वर्षी. युरोपचाच बॅटरीचा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे आणि तो झाकणाच्या प्रश्नाला थेट हात घालतो. लहान उपकरणांतली बॅटरी, मोजके अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे, असं तो म्हणतो. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण त्यात उत्पादकाची जबाबदारी मोजली जाते ती मुख्यतः किती वजनाचा माल पुनर्चक्रीकरणाला गेला यावर. वस्तू मुळातच किती टिकाऊ बनवली याला तिथे गुण नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘डिझाइनमधला दोष’ हे शब्द आहेत आणि उत्पादकाला त्यासाठी जबाबदार धरता येतं. मात्र त्या जबाबदारीसाठी ‘हानी’ची जी व्याख्या आहे, तिच्यातून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. बॅटरी पेटून टेबल जळालं तर दावा, माउस नुसता मेला तर त्या कलमाखाली काही नाही. सदोष मालाची साधी तक्रार रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण दोन हजारांच्या माउससाठी तारखा कोण घेणार? आणि समोरून उत्तर तयार असतं: गंज वॉरंटीत बसत नाही.

म्हणून मी सरकारी खरेदीकडे बोट दाखवतो. किनाऱ्यावर माउस-कीबोर्डचा मोठा गिऱ्हाईक कोण? जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती, तहसील कार्यालयं, बंदर खातं, महाविद्यालयं. ही खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरून होते आणि तिथे निविदेत जादा अटी घालायची सोय आहे. आज अटी असतात त्या बटणांची संख्या, वायरची लांबी आणि एक वर्षाची वॉरंटी अशा. त्या जागी स्क्रू उघड्यावर असावेत आणि साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने निघावेत, बॅटरी एए किंवा एएए तरी असावी नाहीतर कनेक्टरवर बसलेली असावी, सी पोर्ट दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्ज व्हावं, स्विच बोर्डाच्या आरपार पाय गेलेल्या प्रचलित मापाचा असावा, बोर्डावर लेप असावा, आणि किनाऱ्यावरच्या तालुक्यांसाठी गंज वॉरंटीतून वगळू नये, असं लिहायला काय हरकत आहे? यात एकाही कंपनीचं नाव नाही. यातली एकही गोष्ट नव्याने शोधायची नाही.

हरकत येईल ती किमतीची. सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम द्यायचं असतं, अटी वाढवल्या की दर वाढतील आणि लेखापरीक्षणात प्रश्न निघेल. ही भीती खोटी नाही आणि कारकुनाला दोष देऊन ती जाणार नाही. पण अट सगळ्यांना सारखीच लागू असेल तर कमी दराची स्पर्धा अटीच्या आत होईल. वर म्हटलं तसं, उघडता येणारा माउस आज स्वस्तातच मिळतो. दर वाढला तर तो लेपाचा आणि गंजाच्या वॉरंटीचा वाढेल, आणि तो दर दोन वर्षांनी सगळे माउस नव्याने घेण्याच्या खर्चाशी ताडून बघता येईल. त्यासाठी कार्यालयाने जुन्या वस्तूंची नोंद ठेवायला हवी: कधी घेतली, कधी बंद पडली, कोणता भाग गेला. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, प्रत्येक शाळेत असतंच. त्यात ‘कोणता भाग गेला’ हा एक रकाना वाढवायचा.

दुसरी हरकत अशी, की अटी कागदावर राहतील आणि पुरवठादार हवा तो माल टेकवून जाईल. हे होतं. त्यावर उपाय माल ताब्यात घेण्याच्या दिवशीच करायचा. आलेल्या मालातला कुठलाही एक नग उचलायचा, पुरवठादाराच्या माणसाच्या हातात फिलिप्स स्क्रूड्रायव्हर द्यायचा, आणि माउस उघडून, बॅटरी काढून, परत बसवून चालवून दाखवायला सांगायचं. त्यानंतर सी-टू-सी केबल लावून चार्जिंगचा दिवा लागतो का ते बघायचं. पंधरा मिनिटांत हे जमलं नाही, तर पावतीवर सही करायची नाही.